स्टॉकहोममधलं तीनशे वर्षांचं रेस्टॉरंट : डेन यिल्डेने फ्रेडेन आणि स्वीडनचं घरगुती जेवण

उत्तरायण :

स्टॉकहोमला फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांची स्वीडिश जेवणाशी ओळख बहुतेक वेळा आयकियातल्या मीटबॉल्सवर सुरू होते आणि तिथेच संपते. मग 'अळणी आहे', 'मटणाबरोबर जॅम कसला खातात' असे शेरे ऐकायला मिळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

गामला स्तानमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, ऑस्टरलाँगगाटान नावाची एक लांबट वाकडी गल्ली आहे. तिथे ५१ नंबरच्या घरात 'डेन यिल्डेने फ्रेडेन' आहे. इथले लोक नुसतं फ्रेडेन म्हणतात. हे रेस्टॉरंट १७२२ साली सुरू झालं. आपल्याकडे बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि शनिवारवाड्याचा पायाही घातला गेला नव्हता. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे आजही चूल पेटते आणि लोक जेवतात.

नावाचा अर्थ 'सोनेरी शांतता', आणि ते पडलं १७२१ च्या निस्ताडच्या तहावरून. स्वीडन आणि रशियामधलं युद्ध २१ वर्षं चाललं होतं. स्वीडन हरला, बाल्टिकचा मोठा मुलूख गेला, मधेच १७१० मध्ये स्टॉकहोमला प्लेगने झोडपलं. तरीही लोकांना हा तह सोन्यासारखा वाटला. लढाई थांबली, हेच त्यांना पुरेसं होतं. दुसऱ्याच वर्षी उघडलेल्या खानावळीने ते नाव लावलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र घराची रया गेली होती. तेव्हा आंदेर्स सोर्न या चित्रकाराने १९१९ मध्ये ते विकत घेतलं. सोर्न म्हणजे दालार्ना भागातल्या मूरा गावचा माणूस, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची व्यक्तिचित्रं काढण्याइतका नावाजलेला. पुढच्याच वर्षी तो वारला, पण घर त्याने स्वीडिश अकादमीच्या नावे करून ठेवलं होतं. हीच ती साहित्याचं नोबेल देणारी अकादमी. दुरुस्ती होऊन १९२२ मध्ये रेस्टॉरंट पुन्हा उघडलं. अकादमीचे सदस्य गुरुवारी बैठक संपली की चालत इथे येतात आणि एकत्र जेवतात. ही प्रथा अजून चालू आहे.

सोर्नने केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्याला हवं तर तो तिथे संग्रहालय करू शकला असता. त्याने घर अशांच्या हाती दिलं की जे दर आठवड्याला तिथे येऊन बसतील.

आता जेवणाकडे वळतो. रस्त्यावरून आत गेलं की खाली तळघरात जायला जिना आहे. खाली ठेंगण्या कमानी, जाड भिंती, टेबलावर मेणबत्त्या. उंच माणसाने मान सांभाळून चालावं. मेन्यू ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे आम्हाला मिळालं तेच तुम्हाला मिळेल असं नाही. पण स्वीडिश जेवणाचा क्रम ठरलेला असतो आणि तो पाळला तर चवी उलगडत जातात.

सुरुवात हेरिंगने करायची. इथे तिला सिल म्हणतात. थंडगार मासा, आंबटगोड पाण्यात मुरवलेला, एक प्रकार मोहरीच्या दाट सॉसमधला. सोबत उकडलेले छोटे बटाटे, लोणी, कुरकुरीत राईची भाकरी म्हणजे क्नेकेब्रोद, आणि वेस्टरबॉटन चीजचा तुकडा. हे चीज उत्तरेकडच्या बुरट्रेस्क गावात १८७२ पासून बनतं, चवीला खारट, कडवट आणि किंचित रवाळ. घास असा घ्यायचा : भाकरीच्या तुकड्यावर लोणी, त्यावर बटाट्याची चकती, वर मासा. आधी मासा गोड लागतो, मग व्हिनेगर झणकन नाकात जातं, आणि लगेच बटाटा सगळं शांत करतो. बटाट्याशिवाय नुसती सिल खाणारे लोक पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मग मीटबॉल्स. गाय आणि डुकराचा खिमा, दुधात भिजवलेला ब्रेडचा चुरा, कांदा, ऑलस्पाइस, आणि लोण्यात परतणं. बाजूला मलईचा तपकिरी सॉस, मऊ कुस्करलेला बटाटा, दाबलेली काकडी आणि साखर घालून नुसत्या ढवळलेल्या, न शिजवलेल्या लिंगनबेरी, म्हणजे जंगलातली छोटी लाल फळं. 'जॅम' म्हणून नाकं मुरडतात ती हीच गोष्ट. पण तो जॅम नाही. तोंडात ती आंबट-तुरट लागते आणि मलईचा जडपणा कापून काढते. ताटातल्या पाचही गोष्टी एका घासात आल्या पाहिजेत. एक जरी वगळली तरी पदार्थ लंगडा पडतो.

या घरगुती जेवणाला इथे हुसमान्सकोस्त म्हणतात. तुम्ही कुणी अशा जुन्या ठिकाणी जेवला असाल तर लिहा.

ताकभात :

फारच सुंदर लिहिलंय. सप्टेंबरात आईबाबांना घेऊन लेकाकडे येतेय, तो स्टॉकहोमच्या शिस्ता (Kista) उपनगरात असतो. अडचण एकच, आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. अशा ठिकाणी तिने काय करायचं? नुसतं बसून बघायचं का?

उत्तरायण :

ताकभात ताई, मुळीच नाही. स्वीडनमध्ये शाकाहारी लोक भरपूर आहेत आणि बहुतेक रेस्टॉरंटांत एखादा तरी तसा पदार्थ असतो. बुकिंग करतानाच 'मांस, मासे, अंडी नाही, दूधदुभतं चालेल' असं स्पष्ट लिहा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर अंडं येईल. वेस्टरबॉटन चीजचा 'पाय' (pie) खूप ठिकाणी मिळतो पण त्यात अंडं असतं, तेव्हा तो नको. शिवाय त्या चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तेही आईंना सांगून ठेवा.

सप्टेंबर म्हणजे तुमचं नशीब जोरावर आहे. शांतारेल मशरूमचा हंगाम असतो. पिवळेधमक, जर्दाळूसारखा हलका वास येणारे हे मशरूम लोण्यात परतून भाजलेल्या ब्रेडवर देतात. इथे जंगलात कुणीही जाऊन मशरूम आणि बेरी वेचू शकतं, जमीन कुणाचीही असो, तसा हक्कच आहे. त्यामुळे या दिवसांत घरोघरी आणि हॉटेलांतही तेच असतं.

कोकणकडा :

हेरिंगबद्दल वाचून आमच्याकडचा खारा बांगडा आठवला. मीठ लावून ठेवायचा, खायच्या आधी पाण्यात घालून खारटपणा उतरवायचा. पण आम्ही त्यात साखर घालणार नाही कधी. हे गोड करायचं कुठून आलं?

पाटावरवंटा :

कोकणकडा, मी काही वर्षं गोथेनबर्गला होते, शेजारच्या आजींकडून शिकले, म्हणून लिहिते. मूळ तत्त्व तुमचंच आहे. हेरिंग मिठात घालून पिंपात भरायची, थंडीभर पुरवायची. खायच्या आधी रात्रभर पाण्यात ठेवून मीठ उतरवायचं. त्यापुढे साखर आणि व्हिनेगर येतं. पूर्वी साखर महाग होती, ती स्वस्त झाल्यावर हे गोडाचं प्रमाण वाढत गेलं.

त्या पाण्याचं प्रमाण इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं : एक-दोन-तीन. एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, पूर्ण गार करायचं. मग बरणीत माशाचे तुकडे, लाल कांद्याच्या चकत्या, गाजर, ऑलस्पाइसचे दाणे, तमालपत्र थरावर थर लावून ते पाणी ओतायचं. फ्रिजमध्ये दोनेक दिवस मुरलं की तयार. पाणी गार झाल्याशिवाय ओतू नका, मासा शिजतो आणि भुगा होतो.

एक महत्त्वाचं. स्वीडिश व्हिनेगर म्हणजे एटिका, ते १२ टक्क्यांचं असतं. आपल्याकडे दुकानात मिळणारं साधारण ४ टक्क्यांचं. म्हणून भारतात करताना व्हिनेगर तीन भाग, साखर दोन, पाणी एक भाग घ्या, म्हणजे आंबटपणा तेवढाच राहतो. बाटलीवरचा टक्का बघून घ्या मात्र.

दाबलेली काकडीही याच घराण्यातली. काकडीच्या कागदासारख्या पातळ चकत्या, मीठ, वर वजन ठेवून पाणी काढायचं, मग असंच आंबटगोड पाणी, पांढरी मिरी आणि पार्सली. बरीच वर्षं झाली, पण ती आमच्या घरी अजून होते. वरणभाताबरोबरही चांगली लागते.

कोकणकडा :

पाटावरवंटा ताई, शतशः धन्यवाद. या रविवारी बांगड्यावर करून बघतो. हेरिंग इकडे कुठे मिळायची!

इतिहासदिवाणा :

छान धागा. एक भर घालतो. हे 'पारंपरिक स्वीडिश' जेवण पूर्णपणे स्वीडिश नाही. ज्या युद्धाच्या तहावरून रेस्टॉरंटला नाव मिळालं, त्याच युद्धातला स्वीडनचा राजा बारावा कार्ल १७०९ मध्ये पोल्टावाला रशियाकडून हरला आणि पळून ऑटोमन (तुर्की) मुलखात बेंडर इथे गेला. त्या मुलखात तो १७१४ पर्यंत राहिला, उसनवारीवर. तो परत आला तेव्हा त्याचे सावकार वसुलीसाठी मागोमाग स्वीडनला आले. त्यांच्याबरोबर डोल्मा, म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेलं सारण, आला असं मानतात. द्राक्षाची पानं इथे कुठून मिळणार, म्हणून कोबीचं पान आलं आणि कोलडोल्मार झाला. मीटबॉल्सचंही तेच. २०१८ मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यावरूनच जाहीर केलं होतं की मीटबॉल्सची कृती बाराव्या कार्लने तुर्कस्तानातून आणली. मग परंपरा कुणाची म्हणायची?

उत्तरायण :

इतिहासदिवाणा, कोलडोल्मारबद्दल शंभर टक्के सहमत. अठराव्या शतकातली पाककृतीलेखिका कायसा वार्ग हिच्या पुस्तकात डोल्मा आहेच. पण मीटबॉल्सचं ते ट्वीट मला पटत नाही. खिम्याचे गोळे करून तळणं ही कल्पना इतक्या देशांत आहे की ती एका राजाच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि इथल्या अभ्यासकांनीही तेव्हा त्याला हरकत घेतली होती. तुर्की कोफ्त्यात दुधात भिजलेला ब्रेड, मलईचा सॉस, लिंगनबेरी कुठे आहे? माझ्या मते पदार्थ कुठून आला यापेक्षा तो इथे येऊन कशाच्या शेजारी बसला, यावर तो कुणाचा हे ठरतं. कोबीचं पान हिवाळाभर टिकतं, लिंगनबेरी तर स्वतःतल्याच आम्लामुळे महिनोन्‌महिने खराब होत नाही. सहा महिने जमीन गोठलेल्या देशाला जे टिकतं ते हवं होतं. हे सगळं जेवण त्या गरजेतून घडलंय.

इतिहासदिवाणा :

लिंगनबेरीचा मुद्दा मान्य. तरी कार्लची पाच वर्षं काहीच शिकवून गेली नसतील असं मी मानणार नाही. असो, कोलडोल्मार दोघांनाही मान्य आहे.

शब्दवेल :

अकादमीवाला भाग वाचून रोमांच आले. म्हणजे टागोरांना नोबेल द्यायचं ठरलं ते याच टेबलांवर का?

उत्तरायण :

शब्दवेल, नाही. टागोरांचं नोबेल १९१३ चं, तेव्हा हे घर अकादमीकडे आलेलं नव्हतं. टागोर स्टॉकहोमला आले ते १९२१ च्या मे महिन्यात आणि तेव्हा त्यांनी नोबेल व्याख्यान दिलं. फ्रेडेन पुन्हा उघडलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. आणि मतदान वगैरे इथे होत नाही, ते जवळच स्टूरतोरयेत चौकातल्या जुन्या शेअरबाजाराच्या इमारतीत. इथे फक्त जेवण आणि गप्पा. पण अकादमीच्या अठरा माणसांनी वर्षानुवर्षं दर आठवड्याला एकत्र जेवायचं, हे मला बैठकीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कवींचं आणि या घराचं नातं त्याआधीचंही आहे. अठराव्या शतकातला कार्ल मिकाएल बेलमन, दारूच्या गुत्त्यांतल्या माणसांवर गाणी रचणारा, याच गल्ल्यांतला. त्याचं नाव या घराशी कायमचं जोडलेलं आहे. सोर्न आणि त्याची बायको एम्मा यांच्या देणगीतून अकादमी कवींना बेलमन पुरस्कारही देते.

बजेटबॅग :

सगळं ठीक, पण प्रामाणिकपणे सांगतो, ही ठिकाणं आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या खिशाबाहेरची आहेत. साधं घरगुती जेवण म्हणायचं, मजुराशेतकऱ्याचं म्हणायचं, आणि मेणबत्ती लावून चौपट भावात विकायचं, हे मला पटत नाही. गामला स्तानमध्येच एका दुकानात (नाव नको) 'आजीच्या हातचे' म्हणून मीटबॉल्स घेतले, ते फ्रीझरमधून काढून गरम केलेले होते, मधे अजून गार लागत होते.

उत्तरायण :

बजेटबॅग, तुमची तक्रार रास्त आहे. फ्रेडेन महाग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तुम्ही लिहिलेल्या त्या दुकानाचा अनुभवच मला सांगतो की कुणीतरी हे पदार्थ निगुतीने करत राहणं का गरजेचं आहे. मीटबॉल लोण्यात सावकाश परतायचा, मटणाचा रस आटवून सॉस करायचा, याला माणूस आणि वेळ लागतो, आणि स्वीडनमध्ये सगळ्यात महाग तोच असतो.

स्वस्तात खायचं तर दुपारी जा. 'डागेन्स लुंच' म्हणून आठवड्याच्या दिवसांत गावभर दुपारचं ठरलेलं जेवण मिळतं, त्याच किमतीत सॅलड, ब्रेड आणि नंतरची कॉफी. साधारण तेच घरगुती पदार्थ असतात. संध्याकाळीच जायचं असेल तर सॉडरमाल्म बेटावर ब्लेकिंगेगाटान रस्त्याला पेलिकान आहे. उंच छताचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा बिअरहॉल. तिथे तुमच्या शेजारच्या टेबलावर कुणीही असू शकतं, आणि तेच मीटबॉल्स मोठाले असतात.

ताकभात :

मध्येच विचारते, जेवणाबरोबर स्नाप्स नावाची दारू देतात म्हणे, तिचं काय? बाबांना उत्सुकता आहे.

उत्तरायण :

हेरिंगबरोबर छोट्या पेल्यात थंडगार देतात. शहाजिरं, बडीशेप, शेपू असले मसाले घातलेली कडक दारू. प्यायच्या आधी सगळे मिळून एक छोटं गाणं म्हणतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, पितात, पुन्हा बघतात, मग पेला खाली. बाबांनी पेल्याकडे बघत एकट्याने संपवू नये एवढंच.

दारूबद्दल या देशाचा इतिहास मोठा गंभीर आहे. १९१७ ते १९५५ इथे दारूचं रेशनकार्ड होतं. रेस्टॉरंटात तर जेवण मागवल्याशिवाय स्नाप्स मिळत नसे. १९२२ मध्ये पूर्ण दारूबंदीवर सार्वमत झालं आणि ती अगदी थोडक्यात टळली. फ्रेडेन पुन्हा उघडलं तेही त्याच वर्षी.

पाटावरवंटा :

गुरुवारचा वाटाण्याचा सूप कसा कुणी लिहिला नाही? अर्टसोप्पा! वाळवलेले पिवळे वाटाणे रात्रभर भिजवून, डुकराच्या मांसाबरोबर घट्ट शिजवायचे, वर मोहरी, आणि मागून पातळ पॅनकेक व जॅम. शाळा, सैन्य, ऑफिसचं कँटीन, सगळीकडे गुरुवारी हेच. कॅथलिक काळात शुक्रवारी उपास असे म्हणून गुरुवारी पोटभर, असं कारण देतात. देश प्रोटेस्टंट होऊन पाचशे वर्षं होत आली, गुरुवार तसाच आहे. राजा चौदावा एरिक १५७७ मध्ये कैदेत मेला तो विष घातलेल्या याच सूपने, अशी जुनी कथा आहे, आणि १९५८ मध्ये त्याची कबर उघडली तेव्हा आर्सेनिक सापडलं.

सूपाबरोबर गरम पुन्श देतात. अरकापासून केलेलं गोड मद्य. अठराव्या शतकात गोथेनबर्गच्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेकडून अरक आणायची, त्यातून हे रुजलं. आणि वेलची! इथल्या गोड पावात वेलदोडा इतका घालतात की बेकरीत शिरलं की घरी श्रीखंड चाललंय असं वाटतं. ताकभात ताई, आईला वेलचीचा पाव नक्की खिलवा, पण वर अंडं लावलेलं असतं का ते आधी विचारून घ्या.

ताकभात :

हे विचारायला हवंच होतं. लिहून ठेवलं.

शब्दवेल :

बुकिंग किती आधी करावं? आणि कपड्यांचं काही बंधन?

उत्तरायण :

शुक्रवार-शनिवार हवा असेल तर काही आठवडे आधी. जुलैत इथली बरीच रेस्टॉरंटं सुट्टीवर असतात, तेव्हा तारीख बघून घ्या. कपडे नीटनेटके असले की झालं. कोट दारातच ठेवून घेतात. रोख पैसे घेऊन जाऊ नका, कार्डच चालतं. टिप सक्तीची नाही, सेवा आवडली तर रक्कम थोडी वाढवून द्यायची. नळाचं पाणी मागा, ते उत्तम असतं. आणि बसायला तळघर हवं असेल तर बुकिंगमध्येच लिहा, नाहीतर वरच्या मजल्यावर बसवतील. ताकभात ताई, तुमच्या बाबांच्या गुडघ्यांना तो जिना झेपणार नसेल तर मात्र वरचंच टेबल मागा, जेवण तेच येतं.

ताकभात :

वरचंच मागते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार मिळतोय, केलं बुकिंग. खाऊन आले की इथेच लिहीन.